अंगठा चालतो, पण खुर्ची हलत नाही! कॅरमचे कोणते नियम आपण रोज मोडतो?

चाळीच्या गॅलरीत एक नियम, मंडळाच्या कार्यालयात दुसरा आणि स्पर्धेच्या टेबलावर तिसराच. घरच्या खेळात त्याने काही बिघडत नाही. पण बक्षीस लावून स्पर्धा भरवताना 'आमच्याकडे असेच खेळतात' एवढे उत्तर पुरेसे आहे का?

हिंदमाता म्हटले की मुंबईकरांना दोन गोष्टी आठवतात. एक कपड्यांची बाजारपेठ आणि दुसरे पावसाळ्यात तुंबणारे पाणी. पण डॉ. आंबेडकर मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत, परळ-लालबागपासून नायगाव-भोईवाड्यापर्यंत, आणखी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती म्हणजे कॅरम. चाळीची गॅलरी, मंडळाचे कार्यालय किंवा व्यायामशाळेची मागची खोली, वरून लोंबणारा एक दिवा, बोर्डावर चौघे आणि सल्ला देणारे आठ.

या बोर्डाभोवती वाद ठरलेला असतो. 'अंगठ्याने मारलेस, फाऊल!', 'राणी आधी पडली, सोंगटी नंतर, कव्हर नाही धरणार', 'स्ट्रायकर गेला, पाळी संपली'. ही वाक्ये इतक्या ठामपणे बोलली जातात की समोरचा गप्प बसतो. प्रत्यक्षात यातले एकही वाक्य नियमाच्या पुस्तकात जसेच्या तसे सापडत नाही. आणि जे नियम पुस्तकात खरोखर आहेत, त्यांची आठवण कोणी काढत नाही.

नियम ठरवतो कोण?

कॅरमची आंतरराष्ट्रीय संघटना, इंटरनॅशनल कॅरम फेडरेशन, 1988 मध्ये चेन्नईत स्थापन झाली. भारतात ऑल इंडिया कॅरम फेडरेशन आणि राज्यात महाराष्ट्र कॅरम असोसिएशन आहे. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा या संघटनांच्या छापील नियमांनुसार होतात. 

त्यात बोर्डाचे मापही ठरलेले आहे. खेळण्याचा पृष्ठभाग साधारण 74 सेंटिमीटर चौरस, खिशाचा व्यास साधारण 4.45 सेंटिमीटर. सोंगटीचे वजन 5 ते 5.5 ग्रॅम, तर स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा आणि 4.13 सेंटिमीटर व्यासाचा. म्हणजे स्ट्रायकर सोंगटीच्या तिपटीपर्यंत जड असू शकतो. त्यापेक्षा जड स्ट्रायकर वापरला तर नेमाऐवजी धडाक्यावर खेळ होतो. बाजारात मिळणारे जाडजूड स्ट्रायकर मुलांना आवडतात, पण स्पर्धेत ते वजनकाट्यावरच बाद होतात. नियम मोडायला सुरुवात होते ती इथपासून, तीही खेळ सुरू होण्याआधीच.

अंगठ्यावर बंदी आहे का?

नाही. हा कदाचित सर्वांत जुना गैरसमज. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्ट्रायकर कोणत्याही बोटाने मारता येतो आणि त्यात अंगठाही येतो. बोटाला दुसऱ्या बोटाचा आधार देऊन मारले तरी चालते.

बंदी आहे ती ढकलण्यावर. स्ट्रायकर मारायचा असतो, रेटायचा नसतो. हा फरक छोटा वाटतो, पण त्यामागे साधे विज्ञान आहे. टिचकी मारल्यावर बोटाचा आणि स्ट्रायकरचा संबंध क्षणात संपतो. दिशा आणि वेग जे काही ठरायचे ते त्या क्षणी ठरते. ढकलताना मात्र बोट स्ट्रायकरला चिकटून पुढे जाते आणि वाटेत दिशा सुधारायची संधी मिळते. म्हणजे नेम चुकला तरी दुरुस्त करता येतो. मग कौशल्य कशात राहिले?

गल्लीत नेमके उलटे घडते. अंगठ्याचा स्वच्छ फटका फाऊल ठरतो आणि जवळच्या सोंगटीला हळूच दिलेला रेटा कोणी पाहत नाही. जवळ किंवा अडचणीच्या जागी असलेल्या सोंगटीसाठी अंगठ्याचा फटका हे मोठे हत्यार आहे. ज्या मुलाला लहानपणापासून 'अंगठा नाही' असे शिकवले, तो हे हत्यार कधी घासूनच ठेवत नाही. स्पर्धेत प्रतिस्पर्धी ते वापरतो, तेव्हा हा पंचांकडे तक्रार करतो आणि पंच मान हलवून 'बरोबर आहे' म्हणतात.

स्ट्रायकर नेमका कुठे ठेवायचा?

आपल्या बाजूच्या दोन समांतर रेषांवर, दोन्ही रेषांना स्पर्श करून. एकीला टेकला आणि दुसरीपासून सुटला तर तो चुकीचा. पट्टीच्या टोकाला लाल वर्तुळ असते. तिथे दोनच पर्याय आहेत: वर्तुळ पूर्ण झाका किंवा त्याला अजिबात शिवू नका. अर्धे वर्तुळ झाकून मारलेला फटका नियमात बसत नाही. कोपऱ्याकडे जाणाऱ्या बाणाच्या रेषेलाही स्ट्रायकर लागता कामा नये.

घरी सर्वाधिक मोडला जाणारा नियम बहुधा हाच. कोपऱ्यातली सोंगटी कापायची असते, कोन थोडा कमी पडतो आणि स्ट्रायकर बोटभर सरकवला जातो. 'एवढेसे काय?' असे म्हटले जाते. पण कॅरम हा कोनांचाच खेळ आहे. बोर्डाच्या या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला, की समोरच्या टोकाला सोंगटी खिशात जाण्याऐवजी कडेला आपटते. ती सूट रोज घेणारा खेळाडू प्रत्यक्षात वेगळ्याच कोनांचा सराव करत असतो. पंच बसले, सूट गेली, की त्याचे सगळे पाठ असलेले फटके चुकू लागतात.

राणीचे गणित: पाच, तीन की पन्नास?

राणीवरून जितकी भांडणे होतात तितकी कशावरून होत नसतील. अनेक घरांत राणीचे अजून पाच गुण धरतात आणि डाव 29 गुणांचा असतो. काही ठिकाणी काळीचे दहा, पांढरीचे वीस आणि राणीचे पन्नास असा वेगळाच हिशेब असतो. सध्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत गेम 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो, जे आधी पूर्ण होईल ते. सामना तीनपैकी दोन गेमचा.

गुण मोजण्याची पद्धत सोपी आहे. बोर्ड जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या जितक्या सोंगट्या उरल्या तितके गुण मिळतात. राणी त्यानेच घेऊन कव्हर केली असेल तर आणखी तीन. म्हणजे एका बोर्डात जास्तीत जास्त 12 गुण. राणी हरणाऱ्याने कव्हर केली असेल, तर ते तीन गुण कोणालाच मिळत नाहीत. आणि ज्याचे 22 गुण झाले, त्याला पुढे राणीचे गुण मिळतच नाहीत. हा शेवटचा नियम माहीत नसल्यामुळे आघाडीवरचा खेळाडू उगाच राणीमागे धावतो आणि हातातला बोर्ड घालवतो.

राणी कधी घ्यायची? आपली किमान एक सोंगटी पडल्यानंतर. त्यानंतर राणी पडली की त्याच फटक्यात किंवा लगेच पुढच्या फटक्यात आपली एक सोंगटी घालून ती कव्हर करावी लागते. नाही जमले तर राणी परत मध्यभागी. राणी आणि आपली सोंगटी एकाच फटक्यात पडली तर कव्हर झाली. आधी कोण पडले याची चौकशी करायची गरज नाही. 'राणी आधी की सोंगटी आधी' हा वाद म्हणजे निव्वळ घरचा उद्योग आहे.

शेवटच्या सोंगटीचा नियम मात्र कडक आहे. राणी बोर्डावर असताना आपली शेवटची सोंगटी घातली, तर बोर्ड हरला. प्रतिस्पर्ध्याची शेवटची सोंगटी घातली, तरी बोर्ड हरला. घरी अशा वेळी 'चुकून गेली, काढून ठेव' म्हणतात. स्पर्धेत तो बोर्ड प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतो.

स्ट्रायकर खिशात गेला तर काय?

नुसता स्ट्रायकर पडला तर पाळी जाते आणि दंड म्हणून आपली एक सोंगटी बाहेर येते. तिला 'ड्यू' म्हणतात. आपली एकही सोंगटी पडलेली नसेल तर दंड माफ होत नाही. ती उधारी राहते आणि पुढे सोंगटी पडली की वसूल होते.

पण स्ट्रायकर आणि आपली सोंगटी एकाच फटक्यात पडली तर? बहुतेक ठिकाणी 'पाळी संपली' असे सांगून मोकळे होतात. नियम वेगळा आहे. पडलेली सोंगटी आणि दंडाची आणखी एक अशा दोन सोंगट्या बाहेर येतात, पण पाळी त्याच खेळाडूची राहते. सोंगटी घालण्याचे कसब मान्य करायचे आणि स्ट्रायकर सांभाळता आला नाही याची किंमतही घ्यायची, असा हा हिशेब आहे.

ड्यूची सोंगटी ठेवायची कोणी? इथे गल्लीचा नियम आणि पुस्तकाचा नियम पूर्ण वेगळे होतात. घरी दंड झालेला स्वतःच सोंगटी उचलून मधोमध टाकतो. नियमानुसार ती प्रतिस्पर्धी ठेवतो, आणि मोठ्या वर्तुळाच्या आत त्याला हवी तिथे. मग ती आपल्या सोंगटीच्या आड ठेवायची, राणीची वाट अडवायची की अशा जागी ठेवायची जिथून खिसा सरळ दिसणार नाही, हा डावपेच होतो. पट्टीचे खेळाडू यावर बोर्ड फिरवतात. मधोमध सोंगटी टाकून मोकळे होणाऱ्यांच्या खेळात हे डोके चालवण्याचे कामच उरत नाही.

सोंगटी उडून बोर्डाबाहेर गेली तर ती मध्यभागी येते. एखादी सोंगटी दुसरीवर चढली किंवा कडेवर उभी राहिली, तर ती तशीच ठेवायची असते. 'सरळ करून घेऊ' म्हणत बोट लावले, की तोच फाऊल.

जिंकेल त्याचा ब्रेक?

हाही घरचा नियम. स्पर्धेत एकेका बोर्डाला ब्रेक आलटून-पालटून मिळतो आणि ब्रेक करणाऱ्याकडे पांढऱ्या सोंगट्या असतात. हे न्याय्य आहे, कारण ब्रेक हा मोठा फायदा असतो. चांगला खेळाडू ब्रेकनंतर पहिल्याच पाळीत सर्व पांढऱ्या सोंगट्या आणि राणी घेऊन बोर्ड संपवू शकतो. त्याला 'व्हाइट स्लॅम' म्हणतात. दुसऱ्याने आपल्या पहिल्या पाळीत काळ्या सोंगट्यांसह हेच केले तर 'ब्लॅक स्लॅम'. जिंकणाऱ्यालाच पुन्हा ब्रेक दिला तर हरणाऱ्याला हात चालवायलाच मिळणार नाही.

ब्रेक करताना स्ट्रायकर एखाद्या सोंगटीला जेमतेम शिवला तरी ब्रेक झाला असे धरतात. 'नीट फुटले नाही, परत मारतो' हे चालत नाही. अजिबात शिवला नाही, तरच पुन्हा संधी, तीही एकूण तीनच वेळा.

न दिसणारे नियम

सोंगट्यांचे नियम निदान कोणीतरी आठवते. बसण्या-बोलण्याचे नियम मात्र कोणाच्या गावीही नसतात. बोर्ड सुरू असताना खुर्चीवरून उठायचे नाही, खुर्ची सरकवायची नाही. हाताखेरीज शरीराचा कोणताही भाग बोर्डाला किंवा स्टँडला लावायचा नाही. चाळीत कोपऱ्यातल्या सोंगटीसाठी अर्धा उठून, एक गुडघा टेकवून, बोर्डावर ओणवे होऊन फटका मारला जातो. स्पर्धेत बसल्या जागेवरून पोहोचता येईल असाच फटका शोधावा लागतो, आणि तो शोधता येणे हीच खेळाडूची खरी परीक्षा असते.

फटका 15 सेकंदांत मारायचा असतो. घरच्या डावात हा आकडा सांगितला तर हसू येईल, कारण तिथे स्ट्रायकर डावीकडून उजवीकडे नेण्यातच अर्धा मिनिट जातो. आणि दुहेरीत जोडीदाराशी बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत. 'ती काळी सोड, हिला लाव' असे सांगणारा जोडीदार आणि मागून कोन दाखवणारे प्रेक्षक, हे दोन्ही कॅरमच्या मुंबईतल्या परंपरेचा भाग असले तरी नियमांचा भाग नाहीत.

मग घरचे नियम चुकीचे का?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. घरचे नियम गरजेतून आले. दहा बाय सोळाच्या खोलीत खुर्ची-स्टँड मांडायला जागा नव्हती, म्हणून बोर्ड जमिनीवर आला. खेळणारे तिघे असले तर गुणांचा कॅरम सुरू झाला. लहान मुलाचा हात पोहोचत नव्हता, म्हणून त्याला उठायची परवानगी मिळाली. एकच बोर्ड आणि रांगेत दहा जण, म्हणून 'जिंकेल तो बसेल' ठरले. यात चूक काहीच नाही. खेळ सर्वांना सामावून घेत राहिला, तो या सवलतींमुळेच.

शिवाय पुस्तकातले नियमही आभाळातून पडलेले नाहीत. राणीच्या पाचाचे तीन आणि 29 चे 25 झाले, ते माणसांनीच बैठकीत बसून केले. त्यामुळे 'हाच खरा कॅरम आणि तुमचा खोटा' असा सूर लावण्यात अर्थ नाही. नियम कोणते, यापेक्षा ते कधी ठरले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बोर्ड मांडण्याआधी ठरले तर तो नियम. सोंगटी पडल्यावर ठरले तर ती दादागिरी.

पूर्वी चाळीत या दादागिरीवर एक उतारा होता. वाद झाला की मजल्यावरचे कोणी अण्णा किंवा काका निवाडा देत आणि तो मानला जाई. आता ती व्यवस्थाही विस्कटते आहे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात वरळीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगावातही 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी 500 चौरस फुटांची घरे येत आहेत. घर मोठे झाले ही चांगलीच गोष्ट. पण सगळ्यांची मिळून असलेली गॅलरी गेली आणि तिच्याबरोबर निवाडा देणारे काकाही वेगळ्या मजल्यावर गेले. मुलांच्या हातात आता मोबाइलवरचा कॅरम आहे. तिथे नेम धरायला रेघ दिसते आणि फाऊलचा निर्णय अ‍ॅप देते. नियम का आहे, हे मात्र ते सांगत नाही. अशा वेळी तोंडी परंपरेवर विसंबून चालणार नाही. नियम लिहून ठेवावे लागतील.

यात एवढे पणाला काय लागले आहे?

'कॅरम कुटत बसलाय' हे वाक्य मराठी घरांत आजही कौतुकाने म्हटले जात नाही. पण या खेळाने काहींचे आयुष्य उभे केले आहे. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी दोनदा जगज्जेतेपद मिळवले आणि 1996 चा अर्जुन पुरस्कारही. मुंबईचा प्रशांत मोरे विश्वविजेता झाला. तो रिझर्व्ह बँकेकडून खेळतो. पेट्रोलियम कंपन्या, विमा महामंडळ, बँका यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरत आले आहेत. राज्य सरकारच्या शिवछत्रपती पुरस्काराच्या मानकऱ्यांत कॅरमपटूंचीही नावे आहेत. 2024 मध्ये चेन्नईच्या एका रिक्षाचालकाच्या मुलीने, काझिमाने, अमेरिकेतल्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदके जिंकली आणि तमिळनाडू सरकारने तिला एक कोटी रुपये दिले.

परळ-लालबागच्या मुलामुलींपुढे ही वाट खुली आहे. या खेळाला मैदान लागत नाही, महागडे किट लागत नाही. पण त्या वाटेची पहिली पायरी बहुतेकदा मंडळाचीच स्पर्धा असते. तिथे 'आमचा नियम' चालला, तर मुलगी बक्षीस घेऊन घरी येते आणि पुढच्या जिल्हा स्पर्धेत पहिल्याच फेरीत अर्धे झाकलेले वर्तुळ, सरकवलेली खुर्ची आणि सोळावा सेकंद यांत अडकते. ती हरते ती खेळात नाही; कोणी न सांगितलेल्या नियमांत हरते. मग घरचे म्हणतात, 'बघ, सांगितले होते, यात काही नाही.'

मंडळांनी काय करावे?

फार खर्चाचे काही नाही. गणेशोत्सवाच्या किंवा एरवीच्या स्पर्धेआधी एक पान छापून बोर्डाजवळ चिकटवावे:

- गेम 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. राणीचे तीन गुण, तेही 21 गुणांपर्यंतच.
- अंगठा चालेल, ढकलणे चालणार नाही.
- स्ट्रायकर दोन्ही रेषांवर; लाल वर्तुळ पूर्ण झाकलेले किंवा पूर्ण मोकळे.
- ड्यूची सोंगटी प्रतिस्पर्धी ठेवणार.
- ब्रेक आलटून-पालटून.
- खुर्ची हलवायची नाही, जोडीदाराशी बोलायचे नाही, 15 सेकंदांत फटका.

आयोजकांना यातला एखादा नियम बदलायचा असेल, तर खुशाल बदलावा. लहान गटासाठी 15 सेकंदांचे 30 करावेत, उभे राहायला परवानगी द्यावी. पण तो बदल त्याच पानावर लिहावा आणि 'स्पर्धेचा मूळ नियम असा आहे' हेही खाली नोंदवावे. म्हणजे मुलांना सवलत मिळेल आणि ती सवलत आहे हेही कळेल.

दुसरे, पंच म्हणून त्याच गल्लीतल्या एखाद्या माजी खेळाडूला बसवावे. हिंदमाता-परळ परिसरात एके काळी स्पर्धा खेळलेले लोक शोधायला फार लांब जावे लागणार नाही. ज्यांना पूर्वी गॅलरीत निवाडा द्यायला बोलावत, त्यांच्याच हातात आता नियमांचे पान द्यायचे आहे.

आणि घरी? घरी हवे तसे खेळावे. राणीचे पाच धरावेत, पन्नास धरावेत, हरणाऱ्याने चहा आणावा. फक्त पहिला स्ट्रायकर मारण्याआधी एकदा विचारून घ्यावे, 'कसे खेळायचे?' कॅरमच्या निम्म्या भांडणांचे औषध या दोन शब्दांत आहे.